लसूणघासाचा रस कोंबडीला, चोथा गायीला – जमेल का हे?

अंडेराव

मंडळी, फलटण तालुक्यात माझ्या पाचशे कोंबड्या आहेत, बहुतेक कावेरी आणि थोड्या ग्रामप्रिया. अंडी गावरान म्हणून थेट गिऱ्हाइकाला जातात. सोबत तीन गायी आणि वीस गुंठे लसूणघास. खाद्य मी घरीच भरडून बनवतो. मका, सोयापेंड, तांदळाचा कोंडा, शिंपल्याची भुकटी आणि वरून मिनरल मिक्श्चर.

दुखणं सगळ्यांचं तेच, सोयापेंड. २०२१ साली पेंडीचे भाव इतके चढले की सरकारला ऑगस्टमध्ये १२ लाख टन जीएम सोयापेंड आयात करायची परवानगी द्यावी लागली. तेव्हापासून डोक्यात आहे की प्रथिनाचा एखादा आपला, बांधावरचा स्रोत हवा.

घास चिरून टाकला की कोंबड्या तुटून पडतात आणि बलकाला रंगही येतो. पण टोपली जास्त झाली की त्यांचं खाद्य कमी होतं आणि अंडी घटतात. मध्यंतरी एका कृषी प्रदर्शनात कुणीतरी म्हणालं की घासाचा रस काढून तापवला की त्यातलं प्रथिन वेगळं होतं, ते कोंबडीला चालतं आणि उरलेला चोथा गाय खाते. कुणी केलंय का? निदान वाचलंय का?

दुधाणी

वाचतेय. माझ्याकडे कोंबड्या नाहीत पण आठ जनावरं आहेत. चोथ्याचं काय होतं ते कळलं तर बरं.

बॉटनीवाला

अंडेराव, हे काम आपल्याच मराठवाड्यात झालंय आणि चांगलं दणकून झालंय. औरंगाबादच्या (आताचं छत्रपती संभाजीनगर) मराठवाडा विद्यापीठात वनस्पतिशास्त्र विभागात डॉ. आर. एन. जोशी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १९७० च्या दशकात पानातल्या प्रथिनावर वर्षानुवर्षं काम केलं. लसूणघास तर होताच, पण तागासारखी धाग्याची पिकं, रानटी झाडं, अगदी गाजरगवतसुद्धा त्यांनी पिळून पाहिलं. (गाजरगवताच्या नादी कोंबडीवाल्यांनी लागू नये. त्यातलं पार्थेनिन हे द्रव्य कडू असतं, आणि कापणाऱ्याच्या हाताला खाज सुटते ती वेगळीच.)

मूळ कल्पना बरीच जुनी. १७७३ मध्ये फ्रान्समध्ये रुएल नावाच्या रसायनतज्ज्ञाने हिरव्या रसातून हा पदार्थ वेगळा केला होता. १९२० च्या दशकात हंगेरीच्या कारोली एरेकीने याचा धंदा होऊ शकतो असं मांडलं. पण खरा पाठपुरावा केला तो इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड शेती संशोधन केंद्राच्या एन. डब्ल्यू. पिरी यांनी. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनला अन्नाची चणचण होती तेव्हापासून ते थेट म्हातारपणापर्यंत हा माणूस पानांच्या मागे होता.

पिरींचं म्हणणं साधं होतं. पानात प्रथिन भरपूर, पण माणसाला (आणि कोंबडीला) तंतू पचत नाहीत. जनावराला चारून दूध-मांस करायचं तर मधे बरंच वाया जातं. मग प्रथिन आधीच बाहेर काढा.

कृती अशी:

घास कोवळा, फुलावर येता येता कापायचा. कापल्यावर लगेच कुट्टी करून मग ठेचायचा. नुसती कुट्टी पुरत नाही, पेशी फुटल्या पाहिजेत. पिळून रस काढायचा. हा गडद हिरवा रस ताबडतोब ८० ते ९० अंशांपर्यंत तापवायचा. दूध फाटून पनीर व्हावं तसा हिरवा गोळा वर येतो. कापडातून गाळायचा, पिळायचा, पाण्याने धुऊन परत पिळायचा. खाली उरतं ते तपकिरी पाणी.

वाळल्यावर या गोळ्यात साधारण निम्मं प्रथिन असतं.

हिशेबनीस

कृती छान, पण आकडे कुठायत? मी मांडतो, चुकलो तर सांगा.

१००० किलो हिरवा घास धरू. त्यात ८०% पाणी, म्हणजे कोरडा भाग २०० किलो. त्यात २०% प्रथिन, म्हणजे ४० किलो. गावठी यंत्रावर त्यातलं तिसरा हिस्सा सुटलं तरी खूप. म्हणजे हातात वाळका गोळा येणार २० ते २५ किलो. घास ३ रुपये किलो धरला तरी ३००० रुपये त्या २२-२३ किलोवर पडले. किलोला १३० रुपये झाले! सरपण, मजुरी, वाळवण वेगळंच. त्याच बाजूला सोयापेंड ४५ रुपये धरा, आणि तिच्यातही प्रथिन ४५-४६% असतंच.

विषय संपला, नाही का?

रानमाळ

+१. शिवाय वीज.

दुधाणी

हिशेबनीस, तुम्ही चोथा उकिरड्यावर टाकलात वाटतं 🙂

१००० किलोमधला २०-२५ किलो गोळा गेला आणि पाण्यासोबत अजून तेवढंच विरघळून गेलं असं धरा. तरी कोरडा भाग दीडशे किलो उरला ना? तो गायीलाच जाणार. म्हणजे घासाची पाऊण किंमत गोठ्यात वसूल झाली. कोंबडीच्या खात्यावर ३००० नाही, ७५० रुपये पडतात.

आता प्रश्न एवढाच की प्रथिन काढून घेतलेला चोथा गायीला घासाइतका लागू पडतो का? ते जाणकारांनी सांगावं.

पशुवैद्य

दुधाणीताई, प्रश्न नेमका आहे. बराच लागू पडतो, आणि त्याला कारण आहे.

ओल्या लसूणघासातलं बरंचसं प्रथिन विरघळणारं असतं. गायीच्या कोठीपोटात ते इतक्या झपाट्याने फुटतं की तिथले जीवाणू सगळं वापरू शकत नाहीत. उरलेल्याचा अमोनिया होतो, तो रक्तातून यकृताकडे जातो, युरिया बनतो आणि मुतावाटे बाहेर पडतो. म्हणजे नुसता कोवळा घास खाणारी गाय महागातलं प्रथिन गोठ्याच्या गव्हाणीतून मोरीत सोडत असते. यंत्र जे काढून घेतं ते मुख्यतः हेच विरघळणारं प्रथिन. चोथ्यात पानाला घट्ट बांधलेलं प्रथिन राहतं, कोरड्या भागाच्या १२ ते १५ टक्के. मध्यम दुधाच्या गायीला चाऱ्यातून तेवढं पुरे. जास्त दुधाच्या गायीला सरकी पेंड लागेल, पण ती तशीही लागतेच.

अजून एक फायदा. कोवळ्या घासाने जी पोटफुगी होते, त्यातला फेस धरून ठेवायला हीच विरघळणारी प्रथिनं कारणीभूत असतात. ती निघाली की तो धोका कमी होतो.

आता कोंबडीकडे वळतो, कारण तिथे उत्साह जरा आवरायला हवा.

एक, सॅपोनिन. लसूणघासात ते असतं, चवीला कडू. पिल्लांची वाढ त्याने खुंटते, खाणं कमी होतं. अंडेराव, तुमच्या कोंबड्या जास्त घासावर खाद्य सोडतात त्याला तंतूंनी भरलेलं पोट आणि हे सॅपोनिन, दोन्ही जबाबदार. गोळा धुतल्याने थोडं पाण्यासोबत जातं, सगळं जात नाही. म्हणून आठ आठवड्यांखालच्या पिल्लांना हा गोळा देऊ नका. अंड्यावरच्या कोंबडीला खाद्याच्या ३ टक्क्यांनी सुरुवात करा.

दोन, मेथिओनिन, म्हणजे प्रथिनातलं एक गरजेचं अमिनो आम्ल. कागदावर पानातल्या प्रथिनात ते सोयापेक्षा जरा बरं दिसतं, लायसिनही ठीक असतं. पण वाळवताना गंधकयुक्त अमिनो आम्लं बिघडतात आणि जास्त उष्णतेत लायसिन बांधलं जातं. म्हणून गोळ्यात निम्मं प्रथिन आहे म्हणजे ते सोयातल्या प्रथिनासारखंच पचेल असं समजू नका. बाहेरून घालता ते मेथिओनिन बंद करू नका.

तीन, आणि हे फार कमी लोक सांगतात. ठेचलेला घास किंवा रस तासन् तास तसाच ठेवला तर पानातलं विकर हरितद्रव्य फोडतं आणि त्यातून फिओफोर्बाइड तयार होतं. ते पोटात गेलेलं जनावर उन्हात आलं की कातडी भाजल्यासारखी होते. तुमच्या कोंबड्या दिवसभर मोकळ्या उन्हात असणार. उपाय सोपा आहे, ठेचल्याबरोबर तापवा. दुपारी ठेचून संध्याकाळी चुलीवर ठेवायचं नाही.

बॉटनीवाला

पशुवैद्य, तिसऱ्या मुद्द्याबद्दल धन्यवाद. आणि झपाट्याने तापवण्याचा दुसरा फायदाही आहे. हळूहळू तापवलं तर गोळा मऊ, चिखलासारखा होतो, कापडातून गळत नाही. आधी थोडं पाणी खळखळ उकळवून त्यात रस धारेने सोडला तर गोळा घट्ट आणि दाणेदार येतो.

अंडेराव

वा! अपेक्षेपेक्षा जास्त मिळालं. पण ३ टक्के म्हणजे फारच कमी वाटतंय हो. सोयापेंड पूर्ण बंद करायची स्वप्नं बघत होतो.

हिशेबनीस

दुधाणीताईंचा मुद्दा मान्य, चोथा धरला पाहिजे. आता अंडेरावांच्या शेडवरच मांडू.

पाचशे कोंबड्या × ११० ग्रॅम = रोज ५५ किलो खाद्य. ३% म्हणजे रोज १.६५ किलो वाळका गोळा. त्याला रोज साधारण ७३ किलो हिरवा घास पिळावा लागेल. चोथा निघेल ३३ किलो, त्यात कोरडा भाग ११ किलो. जवळजवळ एका गायीचं दिवसाचं पोट. रस निघेल ४० लिटर. तो २५ अंशांवरून ८५ वर न्यायला साध्या चुलीत दोन-अडीच किलो सरपण पुरेल.

वर्षाला घास लागेल २६-२७ टन. बागायती लसूणघास हेक्टरी ८०-१०० टन धरला तर तीस गुंठे हवेत. अंडेरावांकडे वीस आहेत.

आता पैसे. १.६५ किलो गोळ्याने वाचली सोयापेंड सुमारे १.८ किलो, म्हणजे ८० रुपये. खर्च: घासाची पाव किंमत ५५ रुपये, सरपण २० रुपये. उरले ५ रुपये. आणि दोन माणसांचे दीड-दोन तास रोज.

चहाचाही खर्च सुटत नाही साहेब.

रानमाळ

हेच म्हणत होतो.

चिंचबन

अवांतर: घासात अमरवेल शिरली असेल तर आधी तिचा बंदोबस्त करा, नाहीतर तीस गुंठ्यांचे दहा होतील. बियाणं खात्रीचं घ्या. राहुरी विद्यापीठाचा आरएल-८८ आमच्याकडे चांगला टिकतो. आणि मावा आला म्हणून फवारणी केली असेल तर ती कापणी रसासाठी वापरू नका.

पशुवैद्य

हिशेबनीस, तुमचा हिशेब प्रथिनाचा आहे आणि त्या बाजूने तो बरोबरच आहे. पण या गोळ्यात विकायची खरी वस्तू प्रथिन नाही. झँथोफिल हे पिवळं रंगद्रव्य आहे.

पिवळ्या मक्यात किलोमागे २० मिलिग्रॅमच्या आसपास पिवळं रंगद्रव्य असतं. घासाच्या भुकटीत दोनशेच्या घरात. या गोळ्यात हजाराच्या घरात. खाद्यात निम्मा मका असेल तर त्यातून किलोमागे १० मिलिग्रॅम मिळतात. ३ टक्के गोळ्याने त्यात अजून ३० पडतात. बलक तयार व्हायला दहा-एक दिवस लागतात, म्हणून दुसऱ्या आठवड्यापासून फरक डोळ्यांना दिसतो. फिकट पिवळा जाऊन केशरीकडे झुकतो.

फ्रान्समधल्या शँपेन भागात हाच धंदा टिकला तो याच जोरावर. तिथे लसूणघास वाळवण्याचे सहकारी कारखाने आधीपासून होते. घास वाळवण्याआधी पिळला तर कमी इंधनात वाळतो आणि रसातून गोळाही निघतो. तो कोंबडीखाद्यवाले घेतात, कारण तिकडे गिऱ्हाइकाला पिवळ्या कातडीची कोंबडी आणि गडद बलक हवा असतो. नुसत्या प्रथिनावर सोयाशी झुंजायला गेले असते तर कधीच बंद पडले असते, असं माझं मत.

हिशेबनीस

रंगच हवा असेल तर झेंडूच्या अर्काची पुडी मिळते की. चिमूटभर लागते. पिळायचा चरक, चूल, कापड, सगळ्यातून सुटका.

पशुवैद्य

दहा हजार लेअर, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्या, पाळणाऱ्याने तेच करावं. मीही त्याला तेच सांगेन.

अंडेराव

हिशेबनीस, इथे माझी बाजू मांडतो. माझं गिऱ्हाईक दर रविवारी शेडवर येतं. पोरांना घेऊन येतं, कोंबड्या काय खातात ते विचारतं. त्याला पुडी दाखवायची का घास दाखवायचा? गावरान म्हणून मी अंड्याला जो भाव घेतो तो बलक बघूनच मिळतो. पाचशेतून रोज अडीचशे अंडी धरा. अंड्यामागे आठ आणे जास्त मिळाले तर सव्वाशे रुपये झाले. तुमच्या पाच रुपयांत ते मिळवा.

हिशेबनीस

मग १३० रुपये आणि दोन माणसांचे दोन तास. घरचं माणूस असेल तर चालेल, मजूर लावलात तर नाही. हे लेखी घ्या माझ्याकडून.

युटलंडकर

मी डेन्मार्कमध्ये राहतो, व्हिबोर्गपासून जवळ. इथे हाच विषय गेली काही वर्षं पुन्हा तापलाय. आर्हुस विद्यापीठाच्या फुलुम केंद्रात प्रात्यक्षिकाचा कारखाना आहे. गवत आणि लाल क्लोव्हर पिळून कोंबड्या-डुकरांसाठी प्रथिन काढतात. प्रेरणा तुमच्यासारखीच, सोया बाहेरून आणावं लागतं. त्यात सेंद्रिय कोंबडीवाल्यांना सेंद्रियच प्रथिन हवं, आणि सेंद्रिय सोया महाग.

इथल्या कामातला तुमच्या उपयोगाचा भाग म्हणजे तिन्ही वाटे विकले गेले तरच गणित जुळतं. चोथा दुभत्या गायींना, मुरघास करून (म्हणजे हवाबंद मुरवून). तपकिरी पाणी बायोगॅसला. गोळा खाद्याला. एक वाटा बिनकामाचा राहिला की सगळं कोसळतं. वर कुणी तपकिरी पाण्याबद्दल काहीच बोललेलं नाही, आश्चर्य आहे.

बॉटनीवाला

खरंय, राहिलंच. त्या पाण्यात साखर, पोटॅश आणि थोडं नत्र असतं. औरंगाबादला त्यावर यीस्ट आणि बुरशी वाढवण्याचे प्रयोग झाले होते. शेतकऱ्याने सरळ पातळ करून त्याच घासाला परत द्यावं, पोटॅश जमिनीत परत जाईल. पण एकाच जागी रोज ओतलं तर आठवड्यात दुर्गंधी सुटते, आणि विहिरीच्या बाजूला तर अजिबात नको.

दुधाणी

मी त्या पाण्यात गूळ-बेसन न घालता जीवामृत करून बघेन. साखर आहेच म्हणताय. (पशुवैद्य, मारू नका.)

चोथा ओला असतो ना? दुपारपर्यंत आंबेल. सकाळी पिळला तर सकाळीच चारायचा किंवा पिशवीत दाबून मुरघास. बरोबर?

युटलंडकर

बरोबर. पिळल्यामुळे पाणी कमी झालेलं असतं, त्यामुळे मुरघास ओल्या घासापेक्षा उलट सोपा पडतो.

नवखी

भाबडा प्रश्न: एवढं करण्यापेक्षा शेवगा, सुबाभूळ किंवा अझोला का नाही? अझोल्याचे व्हिडिओ तर दिवसाला दहा येतात.

पशुवैद्य

सुबाभळीच्या पाल्यात मिमोसिन असतं, कोंबडीला जास्त झालं तर अंडी घटतात. शेवग्याचा पाला उत्तम, सावलीत वाळवून थोडा थोडा द्या, पिळायची गरजच नाही. अझोला चांगला, पण ताज्या अझोल्यात ९३-९५% पाणी असतं हे व्हिडिओवाले सांगत नाहीत. किलोभर अझोला म्हणजे पन्नास-साठ ग्रॅम कोरडा माल, त्यात प्रथिन पंधरा ग्रॅमच्या खाली. हिरवा खाऊ म्हणून द्या, पेंडीला पर्याय म्हणून नको.

अंडेराव

बरं, आता कामाचं. ठेचायचं कशाने? पल्व्हरायझर (भरडायचं यंत्र) आहे पण ओल्या घासाने जाळी बुजते.

बॉटनीवाला

पल्व्हरायझरची जाळी काढून टाका, नुसते हातोडे राहू द्या, आणि घास मुठीमुठीने सोडा. मग तो लगदा उसाच्या चरकातून दोनदा काढा. चरकात नुसता लगदा घसरतो, म्हणून जाड कापडाच्या अरुंद पिशवीत भरून पिशवीच चरकातून न्यायची. स्क्रू प्रेस मिळाला तर सोन्याहून पिवळं.

पशुवैद्य

आणि वाळवायच्या भानगडीत सुरुवातीला पडू नका. हा गोळा वाळताना बाहेरून कडक होतो, आत ओला राहतो, आणि बुरशी धरते. कोंबडीला बुरशी म्हणजे अफ्लाटॉक्सिनला, बुरशीच्या विषाला, आमंत्रण. ओला गोळाच चुरून त्याच दिवशी भरड्यात कालवा. पिळलेल्या गोळ्यात ६०% पाणी असतं, म्हणजे १.६५ किलो वाळक्याऐवजी चार किलो ओला. संध्याकाळपर्यंत खाद्यभांडं रिकामं झालं पाहिजे.

वाळवायचाच असेल तर आधी किसून, पातळ पसरून, सावलीत वाऱ्यावर किंवा ६० अंशांच्या आत. साठवण काळ्या पिशवीत, कारण उजेडात आणि हवेत रंगही उडतो आणि त्यातली चरबीही खवट होते.

सगळ्या शेडला एकदम देऊ नका. एका कप्प्यात शंभर कोंबड्यांना गोळा, शेजारच्या कप्प्यात शंभरांना जुनंच खाद्य. दोन्हीकडचं उरलेलं खाद्य रोज तोला, अंडी मोजा, आठवड्यातून एकदा तीस अंड्यांचं वजन घ्या. खाणं कमी झालं तर लगेच २ टक्क्यांवर या. सहा आठवडे तरी चालू द्या. पहिल्या पंधरवड्यात रंग बघून हुरळून जातात आणि अंड्याचं वजन घसरलेलं लक्षातच येत नाही.

हिशेबनीस

आणि मजुरीचे तास लिहून ठेवा. तेच कुणी लिहीत नाही.

अंडेराव

लिहितो, लिहितो. शंभर कोंबड्यांना म्हणजे रोज पंधरा किलो घास, तेवढा वीस गुंठ्यांत सहज निघतो. पल्व्हरायझर घरचा आहे. चरक तेवढा नाही. फलटण-बारामती पट्ट्यात कुणाकडे रसवंतीचा जुना चरक विकायचा असेल तर व्यनि (खासगी निरोप) करा.

चिंचबन

व्यनि केलाय. चरक आहे, मोटर नाही.